रावसाहेबाच्या अर्जातला रकाना

रावसाहेब एकटा आला तेव्हाच मला कळायला हवं होतं. दुपारचे तीन वाजले असतील. रावसाहेब म्हणजे माझ्या दाजींचा कुत्रा. तांबूस, गावठी, एक कान कायमचा मोडलेला. रोज संध्याकाळी साडेपाचला तो दाजींच्या मागून आमच्या ओट्यावर यायचा. दाजींच्या पुढं पाऊल टाकलेलं मी त्याला कधी पाहिलं नाही. त्या दुपारी मात्र तो फाटकाशी एकटाच उभा होता. भुंकला नाही, आतही आला नाही. मी म्हटलं, "काय रे, दाजी कुठं?" तसा तो वळला, चार पावलं गेला आणि थांबून मागं बघायला लागला. मी चपला घातल्या. आमचं घर येडशी स्टेशनाकडं, दाजींचं रामलिंगच्या रस्त्याला, दहा मिनिटांची वाट. अंगणात कडुलिंबाखाली दाजी खुर्चीत बसलेले होते. मांडीवर पेपर, डोळ्यांवर चष्मा. डुलकी लागली असेल असंच वाटलं. हात धरला तेव्हा समजलं… या गोष्टीला आता दीड महिना झाला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अक्का चार वर्षांपूर्वी गेली, मुलगी वैशाली पुण्याला, तेव्हापासून दाजी आणि कुत्रा असे दोघंच त्या घरात. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात त्यांची सारी नोकरी गेली. भूम, परंडा, कुठं कुठं एसटीनं हिंडले. अक्का गेली त्याच वर्षी एक पिल्लू अंगणात शिरलं आणि घरातल्या एकुलत्या एका आरामखुर्चीवर चढून बसलं. दाजी हात जोडून म्हणाले, "बसा रावसाहेब, आमी हुबं राहतो." तेच नाव पडलं. त्याला कुणी अरे-तुरे केलेलंही दाजींना खपायचं नाही. मी मात्र मुद्दाम करायचो, कारण मला कुत्री आवडत नाहीत. खरं सांगायचं तर मी भितो. लहानपणी बाजारात एकानं पोटरी धरली होती आणि पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली होती. ती इंजेक्शनं आजही एकेक करून आठवतात.

आणखी एक कबुली देतो. मी विमा एजंट. आमच्या भावकीत माझ्या तावडीतून सुटलेला माणूस सापडणं अवघड. दाजी तेवढे सुटले. मी पिशवीतून कागद काढायला लागलो की ते म्हणायचे, "पाव्हणं, च्या घ्या आन् जावा." त्यामुळं मागल्या उन्हाळ्यात वैशालीचा फोन आला, "मामा, बाबांना तुम्हीच समजावा, कुत्र्याचा विमा काढायचाय," तेव्हा मला मनातून आनंदच झाला. म्हटलं, दाजी नाही तर दाजींचा कुत्रा तरी!

झालं होतं असं की रावसाहेबानं आंब्याची कोय गिळली. दोन दिवस खाणं नाही, पाणी नाही. दाजींनी त्याच्या पोटावरून हात फिरवला आणि लगेच जीप ठरवून सोलापूर गाठलं. ऑपरेशन झालं, कोय निघाली, आठवड्यानं स्वारी परत आली. बिल वैशालीनं भरलं आणि तिनं ठरवलं की पुन्हा असं नको. पुण्यात तिच्या ओळखीचे सगळे कुत्र्यामांजरांचा विमा काढतात. तिनं अर्ज पाठवला, मी तो छापून आणला आणि एका संध्याकाळी दाजींच्या अंगणात चष्मा लावून वाचायला बसलो. जात काय, जन्मतारीख काय… दाजी उत्तरं देत होते. जात येडशीकर, जन्मतारीख त्यालाच इचारा. मग मी म्हणालो, "दाजी, नाकाचा फोटो लागतोय. प्रत्येकाचं नाक वेगळं असतं म्हणे, अंगठ्यासारखं."

दाजी हसले. "बरं हाय. आमच्या टायमाला कानच मागायचे."

मग त्यांनी ती हकीकत सांगितली. विमा उतरवलेल्या जनावराच्या कानात बिल्ला मारायचा, हे त्यांचं काम. जनावर दगावलं तर तो बिल्ला कानासकट कापून दाखवावा लागे, नाहीतर पैसे नाहीत. सोनारीकडच्या एका घरातला बैल साप चावून गेला. घरच्यांनी त्याला हळदकुंकू लावलं, अंगावर नवं कापड घातलं, नारळ फोडला आणि बांधाला पुरलं. दुसऱ्या दिवशी अर्ज. दाजी गेले, विचारलं, बिल्ला कुठाय? तो माणूस म्हणाला, "कानातच हाय की साहेब. त्याचं त्याच्याजवळ असू दिलं." उकरा आणि कान कापून आणा, असं सांगायची पाळी दाजींवर आली. नोकरी होती, सांगितलं त्यांनी. त्या माणसाची आई जात्याजवळ बसली होती, ती उठली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या साहेब. न्हाय लागत पैसं. च्या टाकते, बसा."

"त्यो च्या मला अजून पचला न्हाय," दाजी म्हणाले.

मला वाटलं, संपलं, आता हे अर्ज फाडणार. पण दाजींनी तो पुन्हा पहिल्यापासून वाचला, बारीक अक्षरातलं सुद्धा, जे माझी गिऱ्हाइकं कधीच वाचत नाहीत. आधीचा आजार असेल तर धरणार नाहीत. ठरावीक वयानंतर घेणार नाहीत. मग म्हणाले, "वाईट न्हाय हे. वैशालीसारखीनं कुत्रं पाळलं तर जरूर घ्यावा. तिथं एका टायमाच्या बिलात मानूस गार पडतोय. माझं तसं न्हाय. मला जनावराचं पोट हाताला कळतंय, आन् न्हाय कळलं तर सोलापूरपुरती पेन्शन हाय." हप्त्याच्या मानानं आपल्या कामाचा नाही, असा शांतपणे निकाल देऊन त्यांनी अर्जाची घडी घातली. मग परत उघडला. "पन पाव्हणं, एक रकाना दिसंना ह्यात. कुत्रं मेलं तर मालकाला पैसं, हे लिव्हलंय. मालक मेला तर कुत्रं कुनाकडं, हे कुठं लिव्हायचं?"

मी हसलो. मोठ्यानं हसलो. "दाजी, कुत्र्याला नॉमिनी नसतो," असं काहीतरी बोललो. दाजीही हसले. तीस वर्षं मी लोकांना हाच प्रश्न विचारून पोट भरलं, तुमच्या मागं घरच्यांचं काय? आणि तोच प्रश्न माझ्या समोर एक माणूस खरोखरीनं विचारत होता, तर मला तो विनोद वाटला. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

त्याच आठवड्यापासून दाजी रोज संध्याकाळी आमच्याकडं यायला लागले. पंच्यात भाकरी बांधलेली, मागं रावसाहेब. गुडघा दुखतोय, वाकवत नाही, तेवढी भाकरी तुम्हीच घाला… म्हणून माझ्या हातात द्यायचे. मी लांबूनच फेकायचो. दाजी म्हणायचे, "फेकू नगा. कुनी तुमच्याफुडं ताट फेकलं तर जेवाल का?" मग मी ओट्याच्या कडेला ठेवायला लागलो. मग पायरीवर. दिवाळीच्या सुमाराला रावसाहेब माझ्या हातातून खायला लागला आणि त्याची जीभ बोटांना लागली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, पण हात मागं घेतला नाही. दाजी दुसरीकडं बघत होते. याच गुडघ्यांनी हे रोज रामलिंगच्या घाटात फिरायला जातात, हे मला माहीत होतं, पण कधी टोचून बोललो नाही. वाटलं, एकट्या माणसाला सोबत हवी असेल.

दाजींचे दिवस झाले, पाहुणे पांगले, तसा रावसाहेबाचा विषय निघाला. वैशालीचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, दिवसभर घराला कुलूप. "सोडून दिलं तरी गाव सांभाळतंय," भावकीतलं कुणीतरी म्हणालं. वैशालीचे डोळे भरून आले. मी सांभाळतो असं म्हणायला तोंड उघडत होतो आणि चौदा इंजेक्शनं आठवत होती. काहीच ठरलं नाही, संध्याकाळची भाकरी तेवढी मी घालत राहिलो.

परवा ती दाजींचं सामान आवरत होती आणि मी मदतीला होतो. दवाखान्यातली त्यांची जुनी खाकी पिशवी निघाली. त्यात बिल्ला मारायचा चिमटा, आणि खाली तो अर्ज. नाव, जात, वय, सगळे रकाने कोरे. पण शेवटी, जिथं कागद मोकळा होता, तिथं दाजींनी पट्टीनं रेघा मारून स्वतःचे रकाने पाडले होते, दवाखान्याच्या रजिस्टरात पाडायचे तसे. मालकाच्या पश्चात कोणाकडे: प्रकाश. नाते: मेव्हणा. शेरा: कुत्र्यास भितो. सवय लावत आहे. त्याखाली एक तारीख, दिवाळीनंतरची, आणि आणखी एक शेरा: हातातून खातो. हरकत नाही. सर्वात शेवटी सहीची जागा रिकामी सोडलेली होती.

मी आधी चिडलो. मला न विचारता? मग वैशालीकडं बघितलं आणि दोघांनाही एकदम हसू आलं, आणि हसता हसता तिच्याआधी मीच रडलो.

आयुष्यभर मी लोकांना फुल्या मारून दाखवल्या, इथं सही करा म्हणून. त्या कागदावर फुली नव्हती. मी खिशातला पेन काढला आणि सही केली. मग घड्याळात पाहिलं. साडेपाच होत आले होते, आणि भाकरी अजून घ्यायची होती.