ढेमसं जेवेना

बेसा भागात डबे पुरवणाऱ्या इंदूबाई भोयर यांना एकच गर्व होता. त्यांच्या हातचं कोणी नाकारलेलं नव्हतं. नवरा गेल्यावर त्यांनी डबे सुरू केले, त्यावरच मुलाला इंजिनिअर केलं. तापानं फणफणलेला भाडेकरू असो की सासूशी भांडून आलेली शेजारीण, इंदूबाई समोर ताट मांडत आणि ते रिकामं झाल्याशिवाय उठत नसत. त्या दुपारी मात्र त्यांच्या मांडीवर मूठभर जीव बसला होता, आणि काही केल्या तो तोंड उघडत नव्हता.

मुलानं, उन्मेषनं, हौसेनं आणलेला गिनीपिग होता तो. नोकरी लागून हैदराबादला जाताना त्यानं तो आईच्या गळ्यात टाकला. ढेमशाच्या भाजीसारखा गोल गरगरीत, म्हणून इंदूबाईंनी त्याचं नाव ढेमसं ठेवलं. दाढा वाढून जिभेला टोचू लागल्या तसं त्यानं खाणं सोडलं. सकाळीच प्राण्यांच्या डॉक्टर वैभवीनं भूल देऊन त्या दाढा घासून दिल्या होत्या.

"काकू, भुलीनंतर यांचं पोट थांबायची भीती असते," इंदूबाई दवाखान्यातून निघताना तिनं बजावलं होतं. "थांबलं की जिवावर बेततं. त्याला ऊब द्या, दुखण्याचं औषध चुकवू नका. त्याच्या खाण्याच्या गोळ्या पाण्यात कालवून सिरिंजनं थोडं थोडं भरवा. लेंड्या दिसल्या की समजा, पोट चालू झालं."

जुन्या लुगड्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी शेजारी ठेवून इंदूबाई केव्हाच्या भरवत होत्या. ढेमसं हिरवा लगदा हनुवटीवरून खाली सोडत होतं.

"खाय न बाप्पा! माह्या हातचं लोकं बोटं चाटून खातात, तुलेच काहून जात नाही?"

तेवढ्यात उन्मेषचा व्हिडिओ कॉल आला. "आई, तू पकडतेस चुकीचं. टॉवेलमध्ये गुंडाळ ना त्याला."

"मंग तू ये न इथं! तिथं बसून कारभार काहून करून राहिला?" त्यांनी फोन आपटलाच.

संध्याकाळची कणीक मळायची होती, भाजी चिरायची होती. त्या रागाच्या भरात त्यांनी सिरिंज जरा जोरात दाबली. ढेमशाला ठसका लागला, नाकातून हिरवं पाणी आलं. पदरानं त्याचं नाक पुसत इंदूबाईंनी वैभवीला फोन लावला.

"श्वास नीट घेतोय ना? मग थोडं थांबा. आणि समोरून नाही, गालाच्या बाजूनं. जरासं द्या, चावू द्या, मग पुढचं. घाई नको काकू."

"भरवणं आता मले शिकवून राहिली," फोन ठेवून त्या पुटपुटल्या. पण तसंच केलं. थेंबभर लगदा, मग वाट पाहणं. ढेमशाचा जबडा हलला, थांबला, पुन्हा हलला. अशा चालीनं स्वयंपाक व्हायचा नव्हता. इंदूबाईंनी सगळ्यांना निरोप धाडला, आज डबा नाही. तरी पलीकडच्या खोलीतला अंकित दारात आलाच.

"काकू, एका उंदरासाठी आम्ही उपाशी?"

"तुले तोंड आहे, हॉटेलात जाऊन मागशील. याले कोण विचारते?"

दिवेलागणीला लुगड्यावर दोन-चार बारक्या, सुकलेल्या लेंड्या दिसल्या. आनंद व्हायला हवा होता, पण इंदूबाई इतक्या वैतागल्या होत्या की म्हणाल्या, "आत्ता सुचलं तुले?" आणि तशाच भिंतीला टेकून बसल्या.

दुसऱ्या दिवशी ढेमशानं कोथिंबिरीची काडी आपणहून ओढून घेतली, आणि सिरिंज दिसताच त्यांच्या बोटाला कडकडून चावलं. वैभवी फोनवर हसली. मग म्हणाली, "पण काकू, यांचे दात जन्मभर वाढतात. काही महिन्यांनी पुन्हा दाखवा, कदाचित परत घासावे लागतील."

"परत?" इंदूबाईंनी कपाळावर हात मारला.

तो फोन ठेवतात तोच उन्मेषचा आला. "बघ, टॉवेलचा उपयोग झाला ना?"

"ऐक गा उन्मेष. पुढच्या खेपेले सुट्टी काढून येजो. तू भरवजो, मी डबे करीन."

तो म्हणाला, "हो, येतो."