ठोका चुकला की बटण दाबा

समोरच्या ब्लॉकमधल्या काकांइतका शब्दाला जागणारा माणूस अख्ख्या डोंबिवलीत सापडायचा नाही. वचनाला म्हणत नाहीये मी, नुसत्या शब्दाला. शहाडच्या व्याह्यांनी ‘घर आपलंच समजा’ म्हटलं, तर या गृहस्थांनी चहा यायच्या आत त्यांचा सोफा ओढून खिडकीखाली नेला. विहीणबाई बघतच राहिल्या. ‘आपलं समजलो म्हणून हलवला, एरवी कशाला कंबर मोडून घेऊ?’ असं वर ऐकवून आले. व्याही हल्ली नुसतं ‘या’ म्हणतात.

तर काकांना मागे हार्ट अटॅक येऊन गेलेला. मुलगा परदेशात, म्हणून तपासणीला ठाण्याला मीच घेऊन गेलेले. डॉक्टर म्हणाले, ‘निरोगी हृदय घड्याळासारखं टिकटिक करत नसतं. दोन ठोक्यांमधलं अंतर थोडं कमीजास्त होणं चांगलंच. पण तुमचे ठोके मध्येच वेडेवाकडे पडतायत का, ते बघायचंय.’

‘म्हणजे चुकायला हवेत की नकोत?’ काकांनी मला विचारलं. मी बीकॉम, मी काय सांगणार कप्पाळ! छातीला तारा चिकटल्या, कमरेला ठोके नोंदवणारं यंत्र लागलं आणि सूचना मिळाली, ‘दिवसभर नेहमीसारखं वागा. ठोका चुकला की हे बटण दाबा.’

काका जागले शब्दाला! माझ्या लेकीने स्कूटीचं हँडल सोडून ‘बाय काका’ केलं, बटण. लिफ्ट मध्येच अडकली, बटण. व्याह्यांचा ‘येतोय’ असा फोन आला, दोनदा बटण. संध्याकाळी मात्र आमच्या गॅलरीत दडपे पोहे खात सोफ्याची गोष्ट नव्याने सांगत बसले. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं, पण बटणाला हात नाही.

रिपोर्ट बघून डॉक्टर चक्रावले. ‘बटण दाबलंत तेव्हा सगळं ठीक आहे हो! धडधड वाढलीय, एवढंच. खरे चुकलेत ते संध्याकाळी, बराच वेळ. तेव्हा काय होत होतं?’

‘काही नाही. पोहे खात होतो. छान वाटत होतं.’

‘कळलंही नाही?’

‘अजिबात नाही.’

‘तेच वाईट,’ डॉक्टर म्हणाले आणि गोळ्या लिहून दिल्या.

रिक्षा कळव्याच्या पुलावर आली. तेव्हा काका म्हणाले, ‘अगं, भ्यायलो तेव्हा नीट चाललं आणि हसलो तेव्हा चुकलं. मग मी ओळखायचं कसं?’ मला फार वाईट वाटलं.

गोळ्या चालू आहेत. संध्याकाळची गॅलरीही चालू आहे, तोच सोफा, तेच हसणं. फक्त हसता हसता काका मध्येच थांबले की पोह्यांची बशी माझ्या हातात तशीच राहते. ‘काय गं, काय झालं?’ तेच मला विचारतात. काय सांगू? ठोका चुकतो तो माझा, आणि बटण तर आम्ही परत देऊन आलोय.