जागची न हलणारी पिल्लं

तारकर्लीला आम्ही घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने देतो. जेवणाचं विचारलं की त्यांचा पहिला प्रश्न, "कोंबडी गावठीच ना?" म्हणून नवऱ्याने कणकवलीच्या बाजारातून पिल्लं आणली. तपकिरी, पाठीवर पट्टे, दिसायला अगदी गावठी.

मला मात्र ती बघताच खटकली. आमच्या जुन्या कोंबडीची पिल्लं दोन दाणे टिपतात आणि लगेच माडाखाली उकरायला पळतात. ही खाद्याच्या भांड्यापुढे बसली की उठायचीच नाहीत. बसल्याबसल्या खायची. भांडं लांब सरकवलं, तर कशीबशी तिथवर जाऊन पुन्हा फतकल मारायची.

"ह्यांका कसलातरी औषद घातलेला आसा," मी म्हटलं.

"खातत ता बरा मां? तुका सगळ्यातच संशय," नवरा म्हणाला. बोलताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

शेजारच्यांची गाय तपासायला जनावरांच्या डॉक्टरबाई आल्या होत्या. त्यांना हाक मारून पिल्लं दाखवली. एक हातात घेऊन त्यांनी त्याचे जाडजूड पाय बघितले.

"औषध नाही हो. मेंदूत पेप्टाइड नावाची रसायनं असतात. काही भूक लावतात, काही 'आता पुरे' म्हणून थांबवतात. पिलू किती धावतं तेही त्यांच्यावर असतं. वजनासाठी पिढ्यानपिढ्या निवडलेल्या जातीत तो 'पुरे'चा निरोप कमी पडतो. मग खात राहतात आणि हलत नाहीत."

"म्हणजे ही गावठी नव्हेत?"

"नाहीत. रंगीत ब्रॉयलर आहेत, गावठीचे पाय एवढे जाड नसतात. लवकर वाढतात म्हणून लोक घेतात."

लवकर वाढतात, हे माझ्या डोक्यात बसलं. नवरा घरी येताच मी विचारलं, "ही ब्रॉयलर आसत, तुमका ठावक होता?"

"माका काय म्हायत? गावठी म्हणान दिल्यान, मी घेतलंय."

मला ते खरं वाटलं नाही. इतकी वर्षं कोंबड्या पाळलेल्या माणसाला ते पाय दिसले नसतील?

पिल्लं भराभर मोठी झाली. पुण्याच्या एका कुटुंबाने कोंबडी-वडे सांगितले, आणि नवरा तोंडभर हसून म्हणाला, "आमची घरची गावठी आहे."

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. "गावठी नाही ती. ब्रॉयलरच आहे, फक्त रंगीत. चालेल का?"

त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि सुरमई मागितली.

संध्याकाळी नवरा म्हणाला, "सांगूकच व्हया होता काय?"

त्याला बाजारातच ठाऊक होतं, हे मला कळलं. आता पिल्लं आणायला बाजारात मीच जाते.