दोन इंच

चोवीस डिसेंबरला सकाळी साडेदहा वाजता मी गव्हाणीवर बसलो. हौसेनं नव्हे. चर्चमधल्या गोठ्याच्या देखाव्यावर तारा टांगायला शिडीवर चढलो होतो. तारा सरळ लागलाय का ते बघायला जरा मागे रेललो, आणि खाली आलो तो थेट बसूनच. गव्हाणीचे चार पाय चार दिशांना गेले. बाळ येशूची मूर्ती अजून कपाटात होती, म्हणून तेवढ्यावर निभावलं.

त्या गव्हाणीत साधंसुधं गवत नव्हतं. नाताळाआधीचे चार आठवडे आमच्या चर्चमध्ये एक रीत पाळतात. कोणाचं गुपचूप काही भलं केलं, की येऊन गव्हाणीत गवताची एक काडी टाकायची. काय केलं ते कोणाला सांगायचं नाही. अशा काड्यांनी नाताळापर्यंत बाळाचं अंथरूण तयार होतं. त्यात माझ्या नऊ काड्या होत्या. एक तर बसमध्ये एका आजींना जागा दिली त्याची. मला पुढच्याच थांब्यावर उतरायचं होतं, पण ते आजींना कुठे माहीत होतं?

फादर धावत आले, मी धडधाकट आहे याची खात्री करून घेतली आणि मग म्हणाले, "पाच वाजता मुलं बाळाला घेऊन येतील. ठेवायचं कुठे?"

मी गवत आणि लाकडं एका पोत्यात कोंबली आणि गाठलं गादीवाल्या काकांचं दुकान. कोणाचंही काही अडलं की सगळे तिथेच जातात. काका म्हणजे सहा फूट उंची, भुवयांवर बारा महिने कापूस आणि बोलणं मोजून मापून. नवी गादी करायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते एकच प्रश्न विचारतात, "कुठल्या कुशीवर झोपता?" जुनी गादी उसवली की आतून काय काय निघतं: अंगठ्या, चिठ्ठ्या, एकदा तर कवळी. सगळं पुडीत बांधून मालकाकडे परत जातं. चिठ्ठ्या न वाचता आणि कवळी धुऊन.

"चार खिळे ठोकून द्या ना काका," मी म्हणालो.

काकांनी एक पाय उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि खाली ठेवला. "हे सुताराचं काम आहे."

आतून काकूंचा आवाज आला, "अगं बाई, सुताराचं नाव घेतलं का यांनी? तब्येत बरी आहे ना?"

सुताराचं दुकान तीन दारं सोडून पलीकडे. एके काळी दोघांचा दुपारचा डबा एकत्र उघडायचा. मग एका लग्नातला पलंग सुतारानं केला, गादी काकांनी केली, आणि गादी पलंगावर ठेवली तर मधोमध उंटासारखी पाठ काढून बसली. दोन इंच जास्त. काका म्हणाले पलंग आखूड, सुतार म्हणाला गादी लांब. त्या दिवसापासून अकरा वर्षं अबोला.

काकांनी हातातली दाभणासारखी जाड सुई कापडात खोचली. चूक कोणाची, ते त्यांना ठाऊक होतं; हे सगळं मला मागाहून कळलं. भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. सांगायला ते निघालेही होते, पण सुताराच्या दारापर्यंत जाऊन परत आले होते. मग आज सांगू, उद्या सांगू करत वर्षं गेली, आणि जितकी वर्षं गेली तितकी ती तीन दारं लांब होत गेली. आता हे पोतं घेऊन जायचं तर नुसतं पोतं नेऊन भागणार नव्हतं. आणि नाही गेलं, तर पाच वाजता मुलं बाळाला हातात धरून उभी राहणार होती.

काका उठले. खिळ्यावर लटकणारी जुनी कापडी टेप त्यांनी खिशात घातली, पोतं खांद्यावर टाकलं आणि निघाले. मी मागोमाग.

सुतार फळीवर रंधा मारत होता. त्यानं मान वर केली नाही. "काय?"

"गव्हाण मोडलीय."

"कोणी मोडली?"

काकांनी माझ्याकडे अंगठा केला. "हा बसला."

सुतारानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग बरोबर आहे."

काकांनी टेप काढून फळीवर ठेवली. "हिचे पहिले दोन इंच उंदरानं खाल्लेत. पलंगाचं माप हिनं घेतलं आणि कापड कापलं दुकानातल्या लोखंडी पट्टीनं. तुझा पलंग बरोबर होता. गादीच लांब होती."

रंधा थांबला. "कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी."

"आणि सांगतोस आज?"

"लाज वाटत होती."

सुतारानं टेपचं कुरतडलेलं टोक बोटांनी चाचपलं. मग म्हणाला, "मी तरी तो पलंग परत कुठे मोजला? म्हटलं, आखूड निघाला तर काय घ्या!" एवढं बोलून त्यानं पोतं स्वतःकडे ओढलं. "चार वाजता ये. जुन्याच मापाची करतो. माप आत्ताच घेऊन ठेव. या टेपनं नको."

चारला गव्हाण उभी होती, पहिल्यापेक्षा भक्कम. सुतार मला म्हणाला, "आता बसलास तरी चालेल." मी बसलो नाही. चर्चमध्ये नेऊन आम्ही सगळ्या काड्या तिच्यात अंथरल्या. मग काकांनी काखेतून एक वीतभर गादी काढली. पांढरी खोळ, पिंजलेला कापूस, बारीक टाके. काड्यांवर ठेवली तर चारी कडांना नेमकी टेकली. सुतारानं कडेकडेनं बोट फिरवून खोट शोधली, सापडली नाही, तेव्हा नाइलाजानं म्हणाला, "बसली."

पाच वाजता मुलांनी बाळाला त्या गादीवर निजवलं. शेवटच्या बाकावर सुतार आणि काका शेजारी शेजारी बसले होते आणि त्यांच्या शेजारी मी. चार आठवडे एक गोष्ट माझ्या मनात घोळत होती. लोकांच्या नळाचे वॉशर बदलणारा, आजाऱ्यांच्या गाद्या फुकट पिंजून देणारा हा माणूस एकदाही गव्हाणीकडे फिरकला नव्हता. मी वाकून हळूच विचारलं, "काका, तुम्ही एकही काडी का नाही हो टाकलीत?"

काका म्हणाले, "टोचतात."