निळी नखं
परवा दुकानात एक जीन्स उलगडली आणि कोऱ्या रंगाचा तो उग्र वास नाकात शिरला, तशी उल्हासनगरची आमची खोली आठवली. कारखान्यातून जीन्सचे गठ्ठे घरी यायचे आणि आजी दिवसभर उंबऱ्यात बसून त्यांचे लोंबणारे धागे कापायची. रंग हातांना लागायचा. भाकरी थापायच्या आधी ती बोटं साबणाने घासायची, सकाळी कामाला बसली की पुन्हा निळीच. एका हिवाळ्यात तिला जरा चाललं तरी दम लागायला लागला. दुपारी चहाचा कप हातात देताना आई दचकली, "आई, नखं किती निळी पडलीत तुमची! डॉक्टरकडे जाऊ या." आजी हसली. "अगं, जीन्सचा रंग तो. एवढा गठ्ठा संपू दे, मग बघू." ते सगळ्यांनाच पटलं, कारण तिचे हात आम्ही निळेच पाहिले होते. गठ्ठा अर्धाच राहिला. शेवटची आंघोळ घालताना आईने तिचे हात साबणाने चोळले. बोटं लख्ख झाली, नखं निळीच राहिली. तरी आई ती घासतच बसली होती. "ले लो दीदी," दुकानदार म्हणाला, "रंग पक्का है, धोने से नहीं जाएगा." मी जीन्स घडी करून ठेवून दिली.