शेरजमान खानाचा टायपिस्ट

करोल बागेत आर्य समाज रोडच्या मागच्या गल्लीत एका पंजाबी घरमालकाच्या घरात दोन मराठी बिऱ्हाडं होती. वरच्या मजल्यावर गुणवंतराव सबनीस, खालच्या मजल्यावर शांताराम हर्डीकर. दोघंही केंद्र सरकारचे नोकर, दोघंही सकाळी एकाच स्टॉपवरून एकाच बसने सेक्रेटरिएटला जायचे, आणि दोघं एकमेकांशी बोलायचे नाहीत. बसच्या रांगेत मध्ये कुणी तिसरा माणूस येऊन उभा राहीपर्यंत मागचा रांगेत शिरत नसे. तिसऱ्याची वाट बघण्यात दोघांनीही बऱ्याच बसगाड्या सोडल्या.

भांडण कशावरून, तर गच्चीवरून. तेव्हा कूलर म्हणजे साहेबलोकांची चैन होती. उन्हाळ्यात सगळी दिल्ली गच्चीवर खाटा टाकून झोपायची. या घराच्या गच्चीला एकच कोपरा असा होता की जिथे वाऱ्याची झुळूक लागे. तिथे आपली खाट हवी असं सबनिसांचं म्हणणं, कारण ते वरच्या मजल्यावर राहत. हर्डीकरांचं म्हणणं, आपण या घरात आधी आलो. मग खाट दुपारीच नेऊन टाकणं सुरू झालं, मग ती काढून उलटी करणं, मग बायकांकरवी निरोप, आणि शेवटी कायमचा अबोला. पन्नाशीकडे झुकलेले दोन पदवीधर पुरुष. मी तर डोक्याला हात लावला होता.

मला हे सगळं माहीत असण्याचं कारण म्हणजे आमच्या महाराष्ट्र मंडळाचं मासिक. ते मी काढत असे. काढत असे म्हणजे लोकांच्या मागे लागून मजकूर मिळवणं आणि सायक्लोस्टाइल मशीनचा दांडा फिरवणं, दोन्ही मीच करायची. संपादक म्हणून वर नाव छापलेलं असायचं, हेमलता राजाध्यक्ष, आणि हातांना आठवडाभर शाई.

मासिकात सबनीस एक ऐतिहासिक कादंबरी क्रमशः लिहीत. मराठ्यांच्या फौजा दिल्लीच्या आसपास होत्या तेव्हाचा काळ, मल्हारी नावाचा तरणाबांड शिलेदार, आणि त्याच्या मागे हात धुऊन लागलेला शेरजमान खान नावाचा पठाण. सबनिसांनी आयुष्यात घोड्याला हात लावलेला नव्हता, पण लिहायला बसले की टापांचा आवाज यायचा, हे मला मान्य करावंच लागेल. ऑफिसात हा माणूस वर्षानुवर्षं टिपणं लिहीत होता आणि त्यावर सही दुसऱ्याची होत होती. त्याच्या स्वतःच्या नावानं जगात काही छापलं जात असेल तर ती आमच्या मासिकातली चार पानं. अंक आला की ते आधी आपलं नाव बघत, मग कथा. मी एकदा त्यांना तसं करताना पाहिलं आणि मला त्या माणसाची फार माया वाटली. अर्थात त्यांना ते कळू दिलं नाही, नाहीतर त्यांनी आणखी दोन पानं मागितली असती.

आता खरी गंमत. मंडळात मराठी टायपिंग येणारा माणूस एकच होता, आणि तो म्हणजे शांताराम हर्डीकर. सायक्लोस्टाइलसाठी मेणकागदाची स्टेन्सिल कापावी लागते. टाइपरायटरची फीत बाजूला करून अक्षरं थेट त्या कागदावर मारायची, म्हणजे तिथलं मेण निघून अक्षराच्या आकाराची जाळी पडते. हर्डीकरांकडे ऑफिसच्या लिलावात घेतलेलं हिंदी यंत्र होतं. त्याच्यावर ळ नव्हता. म्हणून ते प्रत्येक ळ साठी जागा सोडत आणि पान झालं की टोकदार सळईने एकेक ळ हाताने कोरत बसत. वैऱ्याच्या कादंबरीतले सगळे ळ. मी म्हटलं, चालून जाईल हो, ल घाला, दिल्लीतली आपली पोरं नाहीतरी तसंच बोलतात. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा विषय काढला नाही.

सबनिसांनी काय करावं? त्यांनी शेरजमान खान हुबेहूब हर्डीकरांवर बेतला. हर्डीकर तपकीर ओढत. खानही चिमूटभर तपकीर ओढून दोनदा शिंकल्याशिवाय तलवार उपसत नसे. हर्डीकर बोलण्याआधी डाव्या कानाची पाळी ओढत. खानही ओढी. आणि कुठलाही किल्ला घेतला की खान आधी वाऱ्याचा बुरूज गाठून तिथे स्वतःची खाट टाकी. मंडळात हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. मी मजकूर घेऊन जायची तेव्हा मला धाकधूक असे, आज यंत्र खिडकीतून खाली येणार. एकदा मी विचारलंच, तुम्हाला वाईट नाही ना वाटत? हर्डीकरांनी कानाची पाळी ओढली आणि म्हणाले, मजकूर तो मजकूर. खानाला उंटावरून चिखलात पाडलं तेही त्यांनी स्वच्छ टाइप करून दिलं, एक काना इकडचा तिकडे न करता.

पण एक दिवस स्टेन्सिलीबरोबर चिठ्ठी आली. खानाची घोडी मागच्या अंकात काळी होती, या अंकात अबलख झाली आहे, कोणती ठेवायची? मी ती वर नेऊन दिली. सबनीस संतापले. म्हणाले, त्या माणसाला म्हणावं स्वतःचं काम करा. मग जुना अंक काढून बघितला आणि मुकाट्याने घोडी काळी केली. पुढे चिठ्ठ्या वाढल्या. खान हुक्का ओढत नाही, तपकीर ओढतो, दोन्ही कशाला? खान नदी ओलांडताना जिरेटोप का घालील, तो मराठा आहे का? माझे जिने चढून उतरून गुडघे गेले, आणि खान मात्र अंकागणिक चांगला माणूस होत चालला.

त्यातच सबनिसांना कावीळ झाली. दिल्लीत उसाच्या सोललेल्या गंडेऱ्या मिळतात. त्या रोज सकाळी सबनिसांच्या दारात, ओल्या फडक्यात बांधलेल्या, कुणीतरी ठेवून जायचं. सबनिसांच्या बायकोने, मीनाक्षीने, पहिल्याच दिवशी ते फडकं ओळखलं. टाइपरायटर पुसायचं होतं ते, धुऊन घेतलेलं. सबनीस म्हणाले, गंडेरीवाला ठेवत असेल, त्याला माझं लेखन आवडतं. एवढं बोलून त्यांनी सगळ्या गंडेऱ्या खाल्ल्या. बरे होऊन उठले त्या संध्याकाळी गच्चीवर गेले तर कोपऱ्यात हर्डीकरांची खाट. त्यांनी ती उचलून बाजूला केली. हर्डीकरांनी दुसऱ्या दिवशी यांची केली. मीनाक्षी म्हणाली, चला, तब्येत सुधारली म्हणायची.

पुढच्या अंकात मल्हारी तापाने फणफणून शत्रूच्या मुलखात एकटा पडला. खानाने त्याला गवताच्या गंजीत लपवलं, स्वतःच्या लोकांशी खोटं बोलला, तो उठून बसेपर्यंत दूध पाजलं. मल्हारीने विचारलं, का? खान म्हणाला, तुझं डोकं मला उडवायचंय, तापाने नेलं तर मी काय करू? तो अंक लोकांनी पाठ केला. कँटोनमेंटमधल्या गिरिजाबाई तो फौजींच्या बायकांना वाचून दाखवत, आणि त्यांनी मला सांगितलं की मल्हारी गेला तरी चालेल पण खान राहू दे.

इथेच माशी शिंकली. मंडळाचे नवे सेक्रेटरी, अविनाश देवधर म्हणून, उत्साही माणूस, कडक इस्त्रीचे कपडे. त्यांनी कार्यकारिणीत विषय काढला की आपल्या मासिकात शत्रू हा नायकापेक्षा मोठा होत चालला आहे. पाहुण्यांना अंक द्यायची लाज वाटते. दिवाळी अंकात खानाने यमुनेच्या उतारावर, जिथून नदी पार करतात तिथे, मल्हारीच्या पाठीत वार केला पाहिजे, म्हणजे वाचकांना एकदाचं कळेल नायक कोण आणि शत्रू कोण. नाहीतर कादंबरी बंद, त्या पानांवर लोणच्यांच्या कृती देऊ. मी भांडले. मतं पडली, मी हरले.

सबनिसांना सांगायला मीच गेले. मला वाटलं, उसळतील. ते नखाने टेबल खरवडत म्हणाले, अच्छा, ठीक आहे, लिहितो. आठवड्याने त्यांनी प्रकरण हातात दिलं. मी जिन्यातच उभ्याने वाचलं. खान मागून येतो, शिंकतसुद्धा नाही, आणि भाला फेकतो. सफाईने लिहिलं होतं. मला रडू आलं, पण अंकाची तारीख तोंडावर होती. मी खाली जाऊन ते हर्डीकरांच्या हातात ठेवलं.

त्यांनी सवयीने यंत्रात स्टेन्सिल चढवली, पहिलं पान वाचलं, मग दुसरं. मग स्टेन्सिल उतरवून ठेवली, अंगात कोट घातला, डोक्यावर टोपी घातली आणि कागद घेऊन जिना चढायला लागले. मी मागून गेले. दार मीनाक्षीने उघडलं आणि हर्डीकरांना बघून ती आत सरकण्याऐवजी तिथेच उभी राहिली. आमच्या समजुतीप्रमाणे अबोला धरल्यापासून त्यांनी तो उंबरा ओलांडला नव्हता.

हर्डीकरांनी कागद टेबलावर ठेवले. "सबनीस, हे मी टाइप करणार नाही."

सबनीस म्हणाले, टाइप करणं हे तुमचं काम आहे, मजकूर माझा आहे.

"आजवर केलं. शिंकायला लावलंत, टाइप केलं. उंटावरून पाडलंत, टाइप केलं. खाट टाकायला लावलीत, सगळा करोल बाग मला हसला, तेही केलं. पण खान पाठीत वार करणार नाही."

"खान मी लिहिलाय."

"लिहिला तुम्ही. तो कसा आहे ते मला ठाऊक आहे."

सबनीस उठून उभे राहिले. मला वाटलं आता कागद फेकणार. पण ते परत खाली बसले. म्हणाले, "नाही केलं तर बंद पडेल हो. तुमचं काय, तुमची बोटं चालली की झालं. माझ्या नावाचं दुसरं काय आहे? एक कागद दाखवा ज्यावर खाली माझं नाव आहे."

हर्डीकरांनी कानाची पाळी ओढली. "मंडळ छापणार नाही, एवढंच ना? नको छापू दे. तुम्ही लिहा, मी टाइप करीन. खाली तुमचं नाव टाकीन. पण हे नाही."

मीनाक्षीने पोहे करू का विचारलं, तेव्हा दोघंही एकदम नाही म्हणाले. मग सबनिसांनी ती पानं फाडली, चपला घातल्या आणि खाली गेले. हर्डीकर यंत्रापुढे बसले आणि सबनीस मागे उभं राहून सांगत गेले, थेट स्टेन्सिलीवर, कच्चं न लिहिता. खान उतारावर पोचतो. त्याचेच बंदूकवाले बर्कंदाज मागच्या काठावरून मल्हारीवर नेम धरून बसलेत. खान घोडी फिरवतो आणि मल्हारीच्या पाठीमागे आडवी घालतो. म्हणतो, ही मान माझी आहे, दुसऱ्या कुणाला देणार नाही, जा पार हो, उद्या भेटू. इथे हर्डीकर थांबले आणि म्हणाले, शिंक राहिली. सबनीस म्हणाले, घाला.

ते प्रकरण मी छापलं. देवधर माझ्यावर बिघडले, कादंबरी बंद झाली आणि पुढच्या अंकापासून लोणची सुरू झाली. चांगली होती लोणची, मी खोटं बोलणार नाही. पण सबनीस लिहीत राहिले आणि हर्डीकर फीत लावून, साध्या कागदावर, कार्बन घालून टाइप करत राहिले. वरची प्रत लेखकाची, कार्बनची टायपिस्टची. कार्बनची प्रत मी मागून आणायची, माझ्याकडून गिरिजाबाई न्यायच्या, आणि ती परत यायची तेव्हा घडीवर फाटलेली असायची. प्रत्येक प्रकरणाखाली ठसठशीत अक्षरांत गुणवंत सबनीस. गच्चीवरची लढाई दर उन्हाळ्यात होतच राहिली. बोलणं खानापुरतंच. बसच्या रांगेत तर तेही नाही.

हर्डीकर निवृत्त झाल्यावर थोड्याच दिवसांत, थंडीच्या दिवसांत, गेले. मंडळात शोकसभा झाली. देवधर अजूनही सेक्रेटरी होते आणि अजूनही कडक इस्त्रीत होते. ते बोलायला उभे राहिले. म्हणाले, वरवरचे रुसवेफुगवे सोडले तर सबनीस आणि हर्डीकर यांची मैत्री म्हणजे आपल्या सर्वांपुढचा आदर्श आहे.

सबनीस मागच्या खुर्चीत बसले होते. मफलर सोडत उभे राहिले. डोळे वाहत होते, आणि तरी ते चिडलेले होते.

"माफ करा, देवधरसाहेब, ते माझे मित्र बिल्कुल नव्हते," ते म्हणाले. "मित्र असते तर त्या दिवशी त्यांनी मला ते प्रकरण टाइप करून दिलं असतं."