उस्मानभाईंचा आडोसा

उस्मानभाई परकार कधी चुकत नाहीत. हे त्यांचं स्वतःचं मत असून सौदीतल्या तबूकमध्ये दुसऱ्या कुणाला विचारून ते पक्कं करून घ्यायची त्यांना गरज वाटलेली नाही. बावीस वर्षं ते गाडी चालवतात आणि वाट चुकली तर मुद्दाम लांबून आणलं म्हणतात. त्याआधी हर्णैच्या बंदरावर मासळीला बर्फ मारायचं काम केलं होतं. तेवढ्या जोरावर त्यांनी जबल अल-लौझच्या बर्फाचीही जबाबदारी आपल्या अंगावर घेतली. हिवाळ्यात त्या डोंगरावर चार दिवस बर्फ पडतो आणि माणसं लांबलांबून गाड्या काढून बघायला येतात. "बर्फातलं मला शिकवू नका," हे उस्मानभाईंचं ठरलेलं वाक्य. त्यांच्या बायकोने, हाजराने, ते पंचवीस वर्षं ऐकलंय. बर्फाच्या जागी कधी मटण, कधी इकाम्याचा म्हणजे राहण्याचा परवाना, एकदा तर बाळंतपण.

या जानेवारीत रियाधहून बँकेतले चंद्रशेखर आणि त्यांची बायको अलका बर्फ बघायला आले. दोघं मूळ दापोलीचे, त्यामुळे घरोबा जुना. आठवड्यापूर्वी पडलेला बर्फ उन्हाने पाझरून रात्री पुन्हा गोठला होता, आणि आदल्या दिवशी त्यावर ताजा पडला होता. वर पोचले तर वारा कान कापत होता. वाळवंटात सहलीला गेलं की उस्मानभाई आधी आडोसा शोधतात. इथेही त्यांनी शोधला. एका उभ्या उताराच्या पायथ्याशी खोलगट जागा होती आणि वाऱ्याची झुळूकही नव्हती. हाजराने चटई पसरली, शेगडी पेटवली, बिर्याणीचं पातेलं चढवलं.

"एक नंबर जागा, उस्मानभाई!" चंद्रशेखर म्हणाले.

"आपण उगाच कुठेही बसवत नाय," उस्मानभाई म्हणाले आणि अलकाला स्वच्छ बर्फ आणून दाखवायला बादली घेऊन उतार चढू लागले.

वीस पावलांवर पायाखाली धप्प झालं. बर्फाला सरळ चीर गेली. उस्मानभाईंनी हाताने उकरलं. वर कोपरभर भुसभुशीत थर, खाली काचेसारखं गुळगुळीत कवच. शिळ्या, गोठलेल्या बर्फावर ताजा चुरा टाकला की पाटी जरा तिरकी होताच वरचा सगळा घसरतो, हे त्यांनी बंदरावर हजारदा पाहिलं होतं. आणि हा डोंगर तर पाटीहून कितीतरी तिरका होता. इथेच एवढा बर्फ का, तेही आता कळलं. वाऱ्याने डोंगरभरचा बर्फ उचलून आडोशालाच आणून टाकला होता. बादली तिथेच सोडून ते कडेच्या खडकांवरून खाली आले.

"उठा, यल्ला! जागा बदलायची."

चंद्रशेखर आणि अलका उठले. हाजरा हलली नाही.

"आत्ता कुठे वाफ धरलीय. मागच्या साली विंचू म्हणून उठवलंत, त्याच्या आदल्या साली पूर म्हणून. काय आलं?"

"अगं, वरचा थर खाली येईल!"

"मग बसवलंत कशाला इथे? तुम्ही तर कधी चुकत नाय."

खापर वाऱ्यावर फोडता आलं असतं. चंद्रशेखरांवरही आलं असतं. जीभ तयारच होती. उस्मानभाईंनी वर पाहिलं. चीर आणखी रुंदावली होती. हाजरा झाऱ्याने भात चाचपत होती, आणि ही बाई आपल्या हट्टापायी इथेच गाडली जाईल हे त्यांना दिसत होतं.

"चुकलं माझं, हाजरा," ते म्हणाले. "जागा चुकली."

हाजराच्या हातातला झारा पडला. या माणसाच्या तोंडून हे निघालं म्हणजे आता कयामतच! तिने अलकाचा हात धरला आणि अशी धावली की एक चप्पल मागेच राहिली. पाठोपाठ दोघे पुरुषही निघाले.

चौघं गाडीमागे पोचतात न पोचतात तोच उतारावरची सगळी चादर सुटली. फार मोठी नव्हती. चटई, शेगडी, पातेलं आणि त्याभोवती बसलेली माणसं झाकायला पुरेल एवढी होती. आवाज थांबला तेव्हा तिथे नुसता पांढरा ढीग उरला होता.

उस्मानभाई मटकन खाली बसले. डोळ्यांतून पाणी येत होतं. हाजरा शेजारी बसली, त्यांचा हात घट्ट धरला, आणि धापा टाकत म्हणाली, "आणखी एकदा म्हणा."